लिंबावरची वेल

पाणी भरून आले, हंडा खाली ठेवला, तर सासूबाई माझ्या सोनालीला उठवून बसवत होत्या. हातात हिरव्या रसाची वाटी. पोरीचा ताप उतरत नव्हता, म्हणून तिचा बाप सुकलाल सकाळी पलसाण्याच्या रस्त्यावरून गुळवेल कापून घेऊन आला होता. मायलेकांनी ती ठेचून, गाळून तयारही केली. मला विचारायची पद्धत आमच्या घरात नाहीच.

पिशवीत उरलेला तुकडा उचलून मी पानं बघितली. गुळवेलीचं पान एकेकटं, विड्याच्या पानासारखं. इथं पानं जोडीजोडीनं, समोरासमोर, एकेका देठावर तीन-तीन. शिवाय पानाचा देठच कडुलिंबाच्या काडीला विळखा घालून बसलेला. गुळवेल अशी चढत नाही. पिशवीच्या तळाशी पांढऱ्या पिसांसारख्या शेपट्या असलेल्या बिया होत्या. ही मोरवेल. हिचा रस लागला की कातडीवर फोड उठतात; आमच्या सातपुड्यात हिला बकऱ्यासुद्धा तोंड लावत नाहीत.

"आत्या, थांबा. ही गुळवेल नाही."

"लिंबावरची आहे," सासूबाई म्हणाल्या. "लिंबावर दुसरं काय चढतं?"

हेच ते. गावी दारातल्या लिंबावर मुद्दाम गुळवेल चढवतात, म्हणून लिंब दिसला की यांची अक्कल तिथंच थांबते. सुकलालनं पानं न बघताच कोयता चालवला होता.

"तू काय वैद्यीण लागून गेलीस?" त्यांनी वाटी सोनालीच्या ओठांपाशी नेली.

मी त्यांचं मनगट धरलं. त्या वाटी सोडेनात. भीती मलाही होती. मी चुकले असते आणि पोरीचं काही झालं असतं, तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. सुकलाल दारात उभा राहून मघापासून बोटं पँटला घासत होता.

"हात दाखवा."

"काही नाही गं. मिलमधलं केमिकल लागलंय."

"आज रजा आहे तुमची."

त्यानं मुठी उघडल्या. बोटांच्या बेचक्यात फोड उठले होते. एकदा त्या फोडांकडे बघून त्यानं आईच्या हातून वाटी काढून घेतली आणि मोरीत ओतली.

"रिक्षा बघा, दवाखान्यात जायचंय," म्हणत मी सोनालीला उचललं. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"आत्या, चला."

त्यांनी जीभ बाहेर काढून दाखवली. टोक लालभडक, सुजलेलं.

"मी आधी चाखून बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "फार झोंबलं. मला वाटलं, औषध कडक आहे, गुण येईल."