दुसऱ्या गाडीची सीट

शर्यतीच्या मोटारीतील चालकाची सीट विकत आणून बसविता येत नाही. ती त्या चालकाच्या देहावरूनच घडवावी लागते. बारीक मणी आणि राळ भरलेली पिशवी गाडीच्या सांगाड्यात अंथरावी, तिच्यावर चालकाला बसवावे, आतील हवा यंत्राने ओढून घ्यावी आणि राळ घट्ट होईपर्यंत त्याने श्वासदेखील बेताने घ्यावा. हे कार्य मी एकाच संघात बावीस वर्षे करीत होतो. संघाच्या दोन चालकांपैकी एक माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. त्यामुळे कारखान्यात मला सगळेच मामा म्हणत. माझ्याहून वयाने मोठे असलेलेही.

हंगामातील अखेरची शर्यत आटोपली आणि अफवांना ऊत आला. एक चालक जाणार व त्याच्या जागी नवा येणार, एवढे सर्वश्रुत होते. परंतु जाणारा कोण, हे कोणालाच उमगेना. एका वर्तमानपत्राने भाच्याला निरोप मिळाल्याचे छापले, तर दुसऱ्याने लांब्याला. लांब्या म्हणजे आमच्या पहिल्या गाडीचा चालक. भाचा दुसरी गाडी चालवीत असे.

जेवणाच्या सुट्टीत टायरवाल्याने मला कोपऱ्यात गाठले.

"मामा, खरं सांगा, कोण चाललंय?"

"मला काय ठाऊक?"

"ऐका! सगळ्यांची बुडं मापणारा माणूस म्हणतो, मला काय ठाऊक!"

सारे हसले. रंगारी म्हणाला, "लांब्याच जाणार. भाचा यंदा तीन गुणांनी पुढे राहिलाय."

"गुणांना कोण विचारतं? लांब्याच्या पाठीशी बडी माणसं आहेत," टायरवाला म्हणाला आणि माझ्याकडे पाहून एकाएकी गप्प झाला. मी डबा अर्धाच मिटून ठेवला.

ताईचा फोन रोज सकाळी येई.

"अरे, तू चोवीस तास तिथेच असतोस, आणि तुला कळत नाही म्हणजे काय? पोराच्या डोळ्याला डोळा नाही. ताट समोर आलं की फोन बघतो, फोन बघितला की ताट सारतो."

तिच्या चिंतेला सबळ कारण होते. शेवटून पहिला येणारा एक संघ भाच्याला बोलावीत होता. त्या संघाला शुक्रवारपर्यंत उत्तर हवे होते. नकार द्यावा आणि इकडूनही निरोप मिळावा, तर पुढील हंगाम घरी बसून काढणे प्राप्त होते; आणि एकदा घरी बसलेल्या चालकाला सहसा कोणी पुन्हा गाडीत बसवीत नाही.

बुधवारी व्यवस्थापक साहेब स्वतः साच्याच्या खोलीत आले. त्यांनी माझ्या हाती चिठ्ठी ठेवली. तीवर लिहिले होते : 'दुसरी गाडी, पुढील हंगाम. नवे माप.'

"मामा, ही गोष्ट या चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये," ते म्हणाले.

नंतर जो मनुष्य आला त्याने डोक्यावरील हेल्मेट शेवटपर्यंत काढले नाही आणि तोंडातून चकार शब्दही काढला नाही. तो पिशवीवर बसला. त्याचे खांदे भाच्यापेक्षा चांगले दोन बोटे रुंद होते. मी त्याच्या कमरेखालील मणी सारखे करू लागलो. दुसऱ्या गाडीत, माझ्या बहिणीच्या मुलाच्या जागी, परक्याची पाठ मी स्वहस्ते बसवीत होतो!

सायंकाळपर्यंत मी धीर धरला. पुढे तो सुटला आणि मी ताईला फोन लावला.

"ताई, त्या संघाला हो म्हणायला सांग त्याला."

"म्हणजे नक्की?"

"चिठ्ठी माझ्या खिशात आहे. याहून अधिक विचारू नकोस."

तिने अधिक विचारले नाही, हेच अनर्थाचे मूळ ठरले.

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास व्यवस्थापक साहेब दणदण पावले टाकीत आले.

"तुमच्या भाच्याला झालंय तरी काय? सकाळी पत्र पाठवलंय, संघ सोडतो म्हणून! लांब्याला निरोप दिला, पहिली गाडी याच्यासाठी ठेवली, दुसरीला नवा माणूस घेतला, सोमवारी जाहीर करणार होतो, आणि हा पठ्ठ्या चालला शेवटच्या नंबरात!"

"पहिली गाडी?" मी विचारले.

"मग? गुणांत पुढे असेल त्याला पुढच्या वर्षी पहिली गाडी. तुम्हाला का हे नवीन आहे? चार वाजता पत्र मालकांपुढे ठेवतोय. तोवर विचारून बघा त्याला, मामा ना तुम्ही!"

नवीन मुळीच नव्हते. तो नियम मला पाठ होता. परंतु सलग पाच वर्षे लांब्याच पुढे राहिल्यामुळे पहिली गाडी म्हणजे लांब्या आणि दुसरी म्हणजे भाचा, असे माझ्या मनाने पक्के धरले होते. तीन गुणांनी गाड्यांची अदलाबदल झाली, तरी माझे मन होते तिथेच राहिले.

भाच्याचा फोन बंद होता. मी तसाच कामाच्या कपड्यांनिशी निघालो.

ताईच्या बैठकीत कोट घातलेला एक अपरिचित गृहस्थ बसला होता. त्याच्यापुढे दुसऱ्या संघाच्या कराराचे कागद पसरले होते आणि भाच्याच्या हाती पेन होते.

"सही झाली?" मी दारातूनच विचारले.

"वाचतोय. का रे मामा? एवढा धापा का टाकतोयस?"

मी त्याला ओढतच स्वयंपाकघरात नेले. ताई मागोमाग आली. मी सारे सांगितले. भाचा ओट्याला टेकला.

"पुढच्या वर्षी दुसरी गाडी माझीच राहील का, एवढंसुद्धा तुला विचारावंसं वाटलं नाही?"

"नाही सुचलं."

"मी पत्र पाठवून बसलोय. आता माघार घेतो म्हटलं तर कारण काय सांगू? अंगात आलं होतं म्हणून सांगू?"

"खोटं काहीतरी सांग," ताई म्हणाली. "आजारी होतास म्हण."

"आई, आजारी माणूस पहिली गाडी चालवतो का?"

घड्याळात साडेतीन झाले होते. भाच्याने माझे नाव घेतले नाही. घेणारही नव्हता, हे मला दिसत होते. आणि म्हणूनच मला तेथे उभे राहवेना. मी फोन काढून व्यवस्थापक साहेबांना लावला आणि चिठ्ठीची गोष्ट मीच फोडल्याचे सांगून टाकले. चुकीची समजूतही सांगितली.

पलीकडे कागद चुरगळल्याचा आवाज आला.

"पत्र फाडतो," ते म्हणाले. "त्याची गाडी त्याचीच. सोमवारी साच्याच्या खोलीच्या किल्ल्या आणून द्या, मामा. तुमच्यावर आता ते काम टाकता येणार नाही."

"बरोबर आहे, साहेब."

मी फोन खाली ठेवला. भाच्याने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकले. त्याचे खांदे हलत होते. तो हसतो आहे की रडतो आहे, हे मला कळले नाही. बाहेरून त्या गृहस्थाचे खाकरणे ऐकू आले.

"त्याला कोणी सांगायचं?" भाचा तळव्यांमागून म्हणाला.

ताईने डोळे पुसले आणि मला दाराकडे ढकलले.

"हाच सांगेल. सांगायची भारी हौस आहे ना याला!"