खळ्यावरची खेळपट्टी

"भोपला रं भोपला! वामन्या, भाजी कर आता घरी!"

खाडीच्या बांधावरून आलेली ती आरोळी चाळीस वर्षांपूर्वीची. पण मैदानाचा विषय निघाला, की वामनच्या कानात ती अजून तशीच वाजे.

आज तर विषयच तो होता. कोपरखैरण्यालगतच्या त्यांच्या गावातली ती शेवटची मोकळी जागा. सोमवारपासून तिथं इमारतीचा पाया खणणार होते. त्याआधी गावाच्या क्रिकेट क्लबचा इतिहास लिहून ठेवावा म्हणून सेक्रेटरी दिपेश, वामनचा पुतण्या, वही घेऊन ओटीवर बसला होता.

"काका, पयल्यापासून सांगा."

वामन खुलला. "अरं, भात झोडून झाला का खलं तीच आमची पिच. बायका शेनानं सारवायच्या. तिवराच्या फांद्या तेच स्टंप. मिठागरात बॉल गेला का आऊट." बोलता बोलता पेंढ्याचा, ओल्या सारवणाचा वास त्याच्या नाकाशी दरवळून गेला.

"आन् महापे गावासंगं फायनल?"

वामनला तो दिवस आठवला. लग्नाला जेमतेम महिना झालेला. सगळ्या गावाची भिस्त त्याच्यावर. सकाळचा सामना, सामन्याचा पहिलाच बॉल. टप्पा पडला आणि उठलाच नाही, सरपटत स्टंपात शिरला. गाव हरलं. त्यानंतर वामननं पंचाची टोपी घातली, मैदान राखलं, रोलर ओढला. बॅट मात्र परत धरली नाही.

"लिही. वामन, शून्य. माज्यामुलं हरलो. खोटं कशाला ठेवायचं?"

दिपेशचं पेन अडखळलं.

आत तांदूळ पाखडणाऱ्या वामनच्या बायकोचं, पुतळाकाकीचं सूप थांबलं. ती उंबऱ्यात आली.

"त्यांच्यामुलं नाय."

"तुला काय ठावं गं?" वामन म्हणाला.

"पहाटं पिचला भेग दिसली. म्हटलं, बॉल उसलंल, तुमच्या तोंडावर बसंल. कुनी उठायच्या आत शेनमातीचा गोला चोपडला. वाटलं, सुकंल. सुकलाच नाय. बॉल नेमका त्या ओल्यातच पडला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "नवी नवरी मी, कुनाला सांगू? मंग तुमी बॅट माल्यावर टाकलीत, आन् माजी जीभच उचलंना."

दिपेश पेन उचलून तिच्याकडे बघत होता.

"बघतोस काय, दिपेश?" ती म्हणाली. "लिही. वामन, शून्य. बोल्ड, पुतला."