वास गेला

माझा नवरा दार्सोनो आणि त्याचं नाक! अख्ख्या करंगजाती बंदरात त्या नाकाचं कोण कौतुक. धक्क्याला तेलाचं जहाज लागलं की टाकीचं झाकण उघडून तो हुंगायचा आणि सांगायचा, हे तेल अमक्या देशाचं. मग मी प्रयोगशाळेत तपासायची, आणि बहुतेक त्याचंच खरं निघायचं. हरेल त्याने लवंगेच्या सिगारेटी द्यायच्या, अशी पैजच असायची. मास्क घालून हुंगणार कसं? तेव्हा मास्क म्हणजे बायकीपणा, असं सगळ्यांच्याच डोक्यात बसलेलं. मी भांडून भांडून थकले.

जहाजांच्या इंधनात गंधक कमी हवं असा जगभर नियम झाला, तसं जास्त गंधकाच्या कच्च्या तेलाला कुणी विचारीना. त्याचा भाव पडला. इकडे महागलेलं चांगलं तेल आयात करणं आमच्या तेलशुद्धीकरण कारखान्याला झेपेना. मग काय, जगाला नको ते आमच्या दारात! नियम चांगलाच होता, म्हणून तर अजून राग येतो.

तसलं पहिलं जहाज सकाळी लागलं. त्याचा नमुना आधीच विमानाने आला होता. त्यातल्या विषारी वायूचा आकडा नेमका तेव्हाच माझ्या हाती पडला; तो धोक्याच्या कितीतरी वर होता. मी वायरलेस उचलला.

"अरे, मास्क घाल आधी!"

"अगं, सडक्या अंड्यांचा वास येतोय, कळतंय मला," तो हसला. "वाऱ्याकडे पाठ करून उभा आहे. थांब... गेला बघ वास. सर्वो, ये रे पुढे, हवा साफ झाली!"

"साफ कसली, मेल्या! वायू वाढला की आधी नाक मरतं! पळा तिथून!"

तोवर त्याचा मदतनीस सर्वो उघड्या टाकीवर वाकला होता. तो तिथेच कोसळला. दार्सोनोने मास्क चढवून त्याला ओढून काढलं, पण उशीर झाला होता.

सातव्या दिवशीच्या प्रार्थनेला आम्ही सर्वोच्या घरी गेलो. त्याच्या आईने भाताचं पहिलं ताट दार्सोनोपुढे ठेवलं. तिच्या लेकाला यानेच उचलून आणलं होतं ना! ह्याने ताट बाजूला सारलं.

"काकू," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "मीच बोलावलं त्याला. हवा साफ आहे, असं मीच म्हणालो."

म्हातारीचा वाढता हात थांबला नाही.

"ठाऊक आहे मला, बाळा. तू हाक मारलीस, म्हणून तर तो निर्धास्त गेला."