नसलेल्या मुलीचा तास

पुस्तक हातात धरून नुसतं वाचून दाखवणाऱ्या शिक्षकांचा बाईंना भारी राग. “मुलं म्हणजे काय भिंती आहेत, रंग फासला की झालं?” असं त्या स्टाफरूममध्ये सुनावायच्या आणि बाकीचे चहाच्या कपात डोकं घालून बसायचे. बाईंच्या तासाला धडा वाचत नसत, करून बघत.

आठवीच्या पुस्तकात एक कथा होती, झोप उडवणारी. एक माणूस बऱ्याच वर्षांनी घरी परततो. घरच्यांनी आपसांत ठरवलेलं असतं, की हा आता नाही. कुणी भांडत नाही, हाकलत नाही, फक्त त्याच्याकडे बघत नाही. तो पाणी मागतो, हात धरतो. घर आपलं जेवतं, हसतं, दिवे मालवतं. शेवटी तोही बोलायचा थांबतो. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, “बाई, तो खरंच मेला होता का?”

बाई उत्तर देत नसत. आधी मुलांनी गटागटाने त्या घराचा नकाशा काढायचा, मग शेजाऱ्याची साक्ष लिहायची आणि शेवटी खेळ. वर्गातलं एक मूल वीस मिनिटं ‘नाही’. त्याने कुणाशीही बोलावं, काहीही मागावं. बाकीच्यांनी ओ द्यायची नाही. गंमत म्हणजे हे आजवर एकाही वर्गाला जमलं नव्हतं. थोड्या वेळाने कुणीतरी फिस्सकन हसे, नाहीतर ‘घे बाबा एकदाचं’ म्हणत खोडरबर पुढे करी. ती हार हाच बाईंचा धडा. “बघितलंत? माणसाला हे जमत नाही,” असं म्हणून त्या समाधानाने फळा पुसायच्या.

यंदा वर्गात त्यांची स्वतःची लेक होती. घरचा नियम कडक होता: शाळेच्या फाटकाच्या आत आई नाही, बाई, आणि घरात शाळेचा विषय नाही. पोरीचे लाड करतात असं कुणी म्हणू नये म्हणून त्या तिला हात आखडूनच मार्क देत. या वेळी ‘नाही’ व्हायला तिलाच उभं केलं, तेही त्याच बाण्याने. दुसऱ्याचं पोर रडलं तर पालक दारात येतात. आपलं पोर म्हणजे घरचा मामला.

“बाई, दुसऱ्या कुणाला तरी घ्या ना,” लेक हळूच म्हणाली.

“नखरे नकोत. सुरू कर.” मागच्या बाकावर मुख्याध्यापक तास बघायला येऊन बसले होते.

लेकीने शेजारणीकडे पट्टी मागितली. शेजारीण चित्र रंगवत राहिली. लेक पुढच्या बाकावर गेली, खिडकीपाशी गेली, मॉनिटरसमोर उभी राहून तिने तारीख विचारली. कुणी हसलं नाही. कुणी नजरही चुकवली नाही, कारण चुकवायला आधी बघावं लागतं. बाई मनातून खूश झाल्या. इतका तयारीचा वर्ग त्यांना कधी मिळाला नव्हता.

वेळ संपली. “आता सांगा, कुणाला अवघड गेलं?”

एकही हात वर आला नाही.

“एकालाही नाही?”

“नाही बाई,” पहिल्या बाकावरचा भोळसट मुलगा म्हणाला, “सवय आहे ना.” शेजाऱ्याने त्याला कोपराने ढोसलं.

मग बाईंना दिसायला लागलं. लेकीच्या बाकावर मधोमध शेजारणीचं दप्तर उभं होतं. भिंतीवर गटांचे नकाशे लावले होते, प्रत्येकाखाली चार-पाच नावं. एका नकाशाखाली एकच. त्यावर बाईंनीच शेरा मारला होता, ‘स्वतंत्र काम, छान!’

“वा, बाई! काय शिस्त आहे!” मुख्याध्यापक उठत म्हणाले.

त्याच क्षणी लेकीपाशी जायला हवं होतं. बाई भ्याल्या, दुसरा शब्द नाही. “थँक यू, सर,” म्हणून त्या फळ्याकडे वळल्या आणि गृहपाठ लिहून देऊ लागल्या.

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी आपणच केलेला नियम मोडला. “कधीपासून चाललंय हे?”

“सहामाहीपासून.” लेक दूध पीत होती. “तू मॉनिटरला कॉपी करताना पकडलंस ना, तेव्हापासून. त्यांना वाटतं, मीच तुला सांगितलं.”

“अगं, मग मला सांगितलं का नाहीस?”

“आले होते स्टाफरूमच्या दारात. ‘आई’ म्हणाले, तर तू म्हणालीस, आधी नीट हाक मारायला शीक. सगळे हसले. मग मी परत गेले.”

बाईंना ते आठवेना. तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

“उद्या बघतेच एकेकाला,” त्यांचा आवाज चढला. “त्या मॉनिटरच्या आईवडिलांना बोलावून घेते.”

“नको!” लेकीने पेला खाली ठेवला. “आई, प्लीज. ते आणखीच करतील.” मग ती जरा घुटमळली. “त्यापेक्षा उद्या परत तोच खेळ घे ना.”

“काय?”

“आज बरं वाटत होतं. तू सांगितलंयस म्हणूनच कुणी बोलत नाहीये, असं वाटत होतं.” तिने आईच्या पदराचं टोक धरलं. “उद्या पूर्ण तास घेशील?”