टार्नीचा तिसरा चेंडू

मी ब्रिज इंजिनियर आहे. पूलबिल बांधत नाही. पुण्याची टीम आणि तोक्योचा क्लायंट यांच्या मधे उभी राहते आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला पचेल असं करून देते. पुणेकर म्हणतात, "या तारखेला अजिबात जमणार नाही." ते मी जपानीत "आम्ही मनापासून प्रयत्न करतो आहोत" असं करते. क्लायंट म्हणतो, "जरा कठीण आहे." म्हणजे नाही, हे मी पुण्याला कळवते. दोन्हीकडचे लोक मला फार गोड बाई समजतात. घरचे समजत नाहीत.

आमची ओवी तोक्योतल्या ओजिमाहून, आमच्या घरून, सायकलनं नदीकाठच्या मैदानावर जाते आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळते. लांबट चेंडू, हातानं झेलायचा, पायानं मारायचा, आणि झेलायला हात पोचत नसेल तर खुशाल पुढच्याच्या पाठीवर चढायचं. बाकीच्या आया मला विचारतात, मुलीला असलं का खेळू देतेस? मी म्हणते, तिला चढता येतं म्हणून.

तिच्या क्लबची एक रीत आहे. दर एप्रिलमध्ये सगळ्यांनी योकोहामाच्या युद्ध-दफनभूमीत जायचं आणि सगळ्यात नव्या खेळाडूनं विल्फ टार्नी या जुन्या ऑस्ट्रेलियन खेळाडूच्या कबरीपाशी त्याचं आयुष्य सांगायचं. यंदा नवी होती ओवी. ती इंग्रजीत सांगणार आणि मी ते जपानीत करणार, असं ठरलं.

आदल्या दिवशी माझा नवरा केदार जेवताना म्हणाला, "उद्या मोरिता-सान येणारेत."

मोरिता-सान म्हणजे केदारच्या क्लायंटकडचे विभागप्रमुख. मुलांच्या जर्सी यंदा त्यांच्या कंपनीनं दिल्या होत्या. केदारचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालवायचं की नाही, हे त्यांनाच ठरवायचं होतं, त्याच आठवड्यात. ते गेलं की केदारचा व्हिसा, ओवीची शाळा, सगळंच हललं.

"टार्नी कसा मेला ते तेवढं मऊ कर," केदार म्हणाला. "आजारानं गेला, म्हण. ओवी इंग्रजीत काय बोलायचं ते बोलू दे. त्यांना इंग्रजी फारसं कळत नाही. आणि मिताली, तू रोज हेच करतेस की."

मला झोंबलं ते शेवटचं वाक्य. खरं होतं ना.

"नांदे?" ओवीनं विचारलं. 'का' हा प्रश्न ती नेहमी जपानीतच विचारते. "चेंडू तर बाबानंच शिवला."

शिवला होताच. माझी जुनी सुती साडी फाडून केदारनं दुपारभर बसून चिंध्यांचा चेंडू शिवला होता, लहानपणी कॉलनीत शिवायचा तसा, घट्ट, दुहेरी टाक्यांचा. कबरीवर ठेवायला. टार्नीसाठी एवढं करणारा माणूस त्याचं मरण लपवायला निघाला होता. मी ताटं उचलली. हो म्हणाले नाही, पण नाहीही म्हणाले नाही. धंद्याची सवय.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या हिरव्यागार गवतात उभे राहिलो. मोरिता-सान पुढेच होते, कोट घालून, हात जोडून. ओवी एकेक वाक्य बोलायची, मग मी.

विल्फ टार्नी मेलबर्नचा. बाप दारूच्या भट्टीत पिंपं उचलायचा. विल्फ बुटका, म्हणून त्याला कुणी संघात घेईना. मग तो उंच माणसांच्या पाठीवर चढून चेंडू झेलायला शिकला, आणि लोक त्याच उडीसाठी तिकीट काढून यायला लागले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये त्याची दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, खेळ संपला. तो परत आला आणि उरलेल्या बोटांनी आणखी एक मोसम झेलला. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा पन्नाशी उलटली होती. पठ्ठ्यानं केसांना बुटाचं पॉलिश लावलं, वय चोरलं आणि पुन्हा भरती झाला. कबरीवर तेच चोरलेलं वय कोरलंय.

इथे मोरिता-सान हलकेच हसले. केदारचा खांदा जरा सैल झाला.

टार्नी सिंगापूरला पकडला गेला. त्याला जहाजात घालून जपानला आणलं आणि छावणीत ठेवलं. तिथे त्यानं चिंध्यांचा चेंडू शिवला, आणि संध्याकाळी कैदी खेळायला लागले. पहारेकऱ्यांनी चेंडू जाळला. त्यानं दुसरा शिवला. तोही जाळला. त्यानं तिसरा शिवला.

मग ओवीनं इंग्रजीत ते वाक्य म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं.

केदारनं हळूच मान हलवली. नको. माझ्या तोंडात मऊ शब्द तयार होता, रोजचा, घडी घातलेला. मी दगडाकडे पाहिलं. त्या दगडावर एक खोटं होतं, पण ते त्याचं स्वतःचं होतं, हौसेनं सांगितलेलं. दुसरं मी का कोरू? माझा संताप संताप झाला, केदारवर, आणि त्याहून जास्त माझ्या गोडपणावर.

"तिसऱ्या चेंडूसाठी त्याला मारून मारून ठार केलं," मी जपानीत म्हणाले. क्रियापद अगदी उघडं ठेवलं, वर आदराची शाल घातली नाही.

ओवीनं चेंडू दगडापाशी ठेवला. मोरिता-सान पुढे आले, वाकले आणि टाक्यांवरून बोट फिरवलं.

"हा कुणी शिवला?" त्यांनी केदारला विचारलं.

सोपी वाट होती. नुसतं 'मी' म्हणायचं, हसायचं, साडीबद्दल चार शब्द बोलायचे.

"मी शिवला," तो म्हणाला. "आणि माझ्या बायकोनं सांगितलं ते खरं आहे."

मोरिता-सान त्याच्याकडे पाहत राहिले. मग ते कबरीपुढे खोल वाकले, आणि आमच्याशी काही न बोलता फाटकाकडे निघून गेले.

परतीच्या ट्रेनमध्ये केदार म्हणाला, "गेलं बहुतेक."

"जाऊ दे," मी म्हणाले.

ओवी दोघांच्या मधे बसली होती. "बाबा, तिथले सफाईवाले तो चेंडू उचलून टाकतील ना?"

"टाकतील."

"मग?"

केदारनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या ओढणीकडे.

"मग काय," तो म्हणाला, "दुसरा शिवायचा."