ट्रेस म्हणजे किती

"घाबरण्यासारखं काही नाही," प्रविण साहेबांनी कागद उंच धरला. "विहिरीत रसायन सापडलंय, पण ट्रेस. ट्रेस म्हणजे अगदी नाममात्र."

रोह्याजवळच्या त्या वाडीची ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली होती. तीन महिने विहिरीच्या पाण्याला उग्र वास येत होता. अहवाल इंग्रजीत आला, म्हणून तो समजावून द्यायला शेजारच्या औषध कंपनीने आपल्या प्रयोगशाळेचे साहेब धाडले होते. माणसं माना डोलवत होती. मागे बसलेल्या गिरजाबाईचं मात्र त्या एका शब्दाने डोकं तडकलं.

शब्द तिच्या ओळखीचा होता. एकवीस वर्षं ती याच साहेबांच्या हाताखाली काचेची भांडी धूत होती. लखलखीत दिसणारं भांडंही साहेब परत पाठवत. "ट्रेस आहे यात. सगळी पुन्हा धुवा." सून दिपिका बाळंतपणात रोह्याच्या दवाखान्यात अडली होती, त्या दिवशीही साठ भांडी पुन्हा धुतल्यावरच त्यांनी तिला सोडलं. ती पोचली तेव्हा नात जन्मून दोन तास झाले होते. त्याच नातीच्या अंगावर आता आंघोळ घातली की चट्टे उठत होते.

गिरजाबाई उभी राहिली.

"साहेब, ट्रेस म्हंजे किती?"

"दिसणारसुद्धा नाही, इतकं."

"दिसत नाय तेच मी एकवीस वर्सं धुतंय. तुमच्या भांड्यात घावला तर सगळं औषध फुकट जातं. आनि आमच्या पोरांच्या पोटात गेला की नाममात्र?"

"ते वेगळं, गिरजाबाई. तिथं औषधं बनतात."

"व्हय. आनि हितं मानसं ऱ्हातात."

सरपंच रघू पुटपुटला, "बस गो खाली. नोकरी हाय तुजी."

"नोकरी हाय म्हनूनच मला कललं, रघूदादा. तुमाला कोन सांगनार व्हता?"

ती बसली नाही. तिच्या शेजारची सगुणा उठली, मग एकेक करत सगळ्या बायका उठल्या. शेवटी रघूने ठराव लिहायला लावला: हे पाणी पिण्याजोगं नाही, कंपनीने दुसरं द्यावं. साहेब चहा न घेताच गाडीत बसले.

पंधरा दिवस झाले तरी ठरावाला उत्तर आलं नाही. गिरजाबाईला मात्र लगेच आलं. सोमवारी फाटकावरच तिला सांगितलं, उद्यापासून प्रयोगशाळेत यायचं नाही.

"मंग कुठं घातलं तुमाला?" संध्याकाळी दिपिकाने विचारलं.

"बागेत. साहेबांच्या हाफिसापुढं हिरवल हाय, तिला पानी घालायचं."

"आपल्यासारकं विहिरीचं?"

"नाय गो. नलाचं. विहिरीच्या पान्यानं गवत पिवलं पडतं म्हनतात."

नातीच्या आंघोळीसाठी काढलेलं विहिरीचं पाणी दिपिकाने मोरीत ओतलं. गिरजाबाईने रिकामा हंडा कमरेवर घेतला आणि पलीकडच्या गावातल्या बोअरिंगच्या वाटेला लागली.