चिमीच्या स्क्रीनवर कुणाची नजर

चाळिशी उलटली तरी घरचे तिला चिमीच म्हणत. जन्मापासून दिसत नसलं की माणूस घरच्यांच्या लेखी मोठं होतच नाही. ही चिमी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून टाइप करायची. स्क्रीनवर जे असेल ते स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम तिला वाचून दाखवायचा, आणि माउसला हात न लावता सगळं काम ती कीबोर्डवर करायची. त्याच कमाईवर तिने दादाचं घर सोडून स्वतःची खोली घेतली होती.

आज सकाळी हॉस्पिटलचा निरोप आला. पेशंटची माहिती फुटता कामा नये, तेव्हा अँटिव्हायरस टाका, पूर्ण तपासणी करा आणि धोका नसल्याचा अहवाल संध्याकाळपर्यंत पाठवा, नाहीतर काम बंद. काम बंद म्हणजे भाडं बंद, आणि भाडं बंद म्हणजे गाशा गुंडाळून परत दादाकडे. चिमीने लगेच अँटिव्हायरस टाकला.

त्या शहाण्याने तपासणी सुरू केली आणि पहिला धरला तो स्क्रीन रीडरलाच. दाबलेली प्रत्येक कळ हा ऐकतो, स्क्रीनवरचं सगळं वाचतो, म्हणजे हेर असणार! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. कॉम्प्युटर मुका झाला.

चिमी काही कच्ची नव्हती. कॉम्प्युटरमध्ये मुळातच असलेला दुसरा आवाज तिने तीन कळा एकदम दाबून उठवला आणि एका बटणावरून पुढच्यावर नेणारी टॅबची कळ मारत अँटिव्हायरसच्या खिडकीत शिरली. "बटण," आवाज म्हणाला. पुढे टॅब. "बटण." आणखी पुढे. "बटण." नाव म्हणून एकालाही नाही. यातल्या एकाने स्क्रीन रीडर परत येणार आणि एकाने कायमचा जाणार. तिने अँटिव्हायरसच्या कंपनीला फोन लावला.

"मॅडम, सोपं आहे. हिरव्या बटणावर क्लिक करा."

"मला दिसत नाही हो."

"मग स्क्रीनचा उजेड वाढवून बघा."

आता काय बोलणार, कप्पाळ! तिने फोन ठेवला, तोच दाराची बेल वाजली. दादा होता.

"इकडूनच चाललो होतो," तो म्हणाला. "कॉम्प्युटर अडलाय ना तुझा? सरक, मी करतो."

"तुला कुणी सांगितलं?"

"वाटलं आपलं."

वाद घालायला तिला वेळ नव्हता. "माउसला हात लावू नकोस. मी टॅब दाबते. चौकट ज्या बटणाभोवती जाईल, त्याच्यावर काय लिहिलंय तेवढं वाच."

दादाला हे फुकटचे नखरे वाटले, पण तो वाचू लागला. "कायमचे काढा. तपशील. परत आणा."

चिमीने स्पेस दाबली. बटणांची नावंही हुडकून वाचणारा तिचा नेहमीचा आवाज भरभर बोलू लागला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. याला पुन्हा धरायचं नाही, असं तिने अँटिव्हायरसला बजावून ठेवलं आणि अर्धवट राहिलेली तपासणी पुढे सुरू केली. थोड्याच वेळात आवाज म्हणाला, "इशारा. ही स्क्रीन दुसऱ्या ठिकाणाहून पाहणारा प्रोग्रॅम सापडला. परवानगी द्या, बटण. काढून टाका, बटण."

चिमीचे हात थांबले.

"दे परवानगी," दादा म्हणाला. "मीच टाकलाय तो. तू इथे राहायला आलीस ना, तेव्हा. एकटी राहतेस, काही झालं तर कळायला नको?"

"दादा, इथे पेशंटचे रिपोर्ट असतात. हॉस्पिटलला कळलं तर उद्या मला घरी बसवतील."

"देवाशप्पथ, रिपोर्ट नाही वाचले मी."

"मग काय वाचलंस?"

"वहिनीला लिहिलेलं तुझं. माझ्या घरात तुझा जीव गुदमरायचा म्हणून."

ते चिमीने त्याच्यासाठी लिहिलं नव्हतं. त्याने तिला लहानाची मोठी केली होती, आणि त्याला असं दुखवायचं तिच्या मनातही नव्हतं. तिला रागही आला होता आणि रडूही येत होतं.

"तोंडावर सांगायला हवं होतं, ते धाडस झालं नाही," ती म्हणाली. "आता सांगते. गुदमरायचा."

मग तिने टॅब दाबला. "काढून टाका, बटण." तिने एंटर दाबलं. तपासणी संपली, धोका उरला नव्हता. अहवाल जोडून तिने हॉस्पिटलला पाठवला.

दादा दारापर्यंत गेला आणि थांबला. आजवर तो चिमीला सांगत आला होता, विचारत कधी नव्हता.

"रात्री फोन केला तर चालेल?" त्याने विचारलं.

"चालेल," चिमी म्हणाली.